पडद्यावरचा तुमचा आवडता काऊबॉय कोण? (गुरं राखणारा हवा, नुसता बंदूकवाला नको)

रानवारा

वेस्टर्न सिनेमांवर गप्पा निघाल्या की पहिली चार नावं ठरलेली असतात: जॉन वेन, क्लिंट ईस्टवुड, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट. चौघांचंही काम मी आवडीने बघते. पण त्यांच्या गाजलेल्या भूमिका जरा आठवून बघा. 'हाय नून' (1952) मधला कूपर मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी आहे. 'रिओ ब्राव्हो' (1959) मधला वेन शेरीफ, म्हणजे तोही पोलीस अधिकारीच. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीच्या तिन्ही सिनेमांत ईस्टवुड पैशासाठी पिस्तूल चालवतो. यातल्या एकाच्याही हातून त्या सिनेमांत वासराला दोर पडत नाही.

खरा काऊबॉय म्हणजे गुरांमागे राबणारा पगारी गडी. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात लाखो लाँगहॉर्न (लांब शिंगांची) गुरं मोकाट फिरत होती आणि उत्तरेकडच्या शहरांना मांस हवं होतं. मग हे कळप शेकडो मैल चालवत कॅन्ससमधल्या ॲबिलीनसारख्या गावी न्यायचे आणि तिथून आगगाडीत चढवायचे. दिवसाला दहा-पंधरा मैल, असं महिनोन्महिने. कळपाच्या मागच्या टोकाला जो असेल त्याने दिवसभर धूळ खायची, रात्री पाळीपाळीने पहारा द्यायचा, आणि या सगळ्याचे महिन्याला तीस-चाळीस डॉलर मिळायचे. वीस-पंचवीस वर्षांत हा सगळा मामला आटोपला. काटेरी तार आली, रेल्वे पसरली आणि 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर गुरं थंडीने अक्षरशः ढिगांनी मेली. एवढ्याशा काळावर सिनेमावाल्यांनी शंभर वर्षं काढली, आणि त्यातही गुरं फार थोड्या सिनेमांत दिसतात.

म्हणून नट पारखताना मी आधी त्याची मांड बघते. घोड्यावर चढताना तो खोगिराला लोंबकळतो का? लगाम ओढतो की नुसता धरतो? घोडा थांबवून कुणाशी बोलताना त्याचं अंग सैल असतं का? चेहऱ्याने काऊबॉय दिसणारे शेकड्याने आहेत. खोगिरात बसल्यावर काऊबॉय दिसणारे मोजके.

माझा माणूस बेन जॉन्सन. ओक्लाहोमात जन्मला, वडील मोठ्या रँचवर (गुरं पाळायच्या कुरणावर) मुकादम आणि रोडिओतले, म्हणजे दोर टाकायच्या नि उधळ्या घोड्यांवर बसायच्या स्पर्धांतले नावाजलेले गडी. हॉवर्ड ह्यूजला त्याच्या 'दि आउटलॉ' या सिनेमासाठी घोडे हवे होते. ते पोचवायच्या निमित्ताने जॉन्सन हॉलिवूडला गेला आणि तिथेच रमला. घोडे सांभाळणं, घोड्यावरून पडणं, मोठ्या नटांच्या बदली दौडणं, हे त्याचं काम. 'फोर्ट अपाची' (1948) मध्ये तो हेन्री फोंडाच्या जागी घोडा पळवत होता. दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला हेरलं आणि पुढच्याच वर्षी 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये सार्जंट टायरीची भूमिका दिली. तिथे तो घोडदळातला शिपाई आहे हे खरं, पण मॉन्युमेंट व्हॅलीच्या लाल मातीतून त्याचा घोडा चौखूर सुटतो तो भाग काढून बघा. घोड्याची पाठ खालीवर होतेय, शेपूट आडवी झालीय, आणि जॉन्सनचे खांदे जागचे हलत नाहीत. धक्का सगळा कमरेत जिरतो. लगामाचा हात पुढे, घोड्याच्या मानेबरोबर जाणारा. शिकून इतकं येत नाही. लहानपण घोड्यावर गेलेलं असावं लागतं.

हाच माणूस 1953 मध्ये सिनेमा बाजूला ठेवून रोडिओत उतरला आणि टीम रोपिंगचा जगज्जेता झाला. टीम रोपिंगमध्ये दोन स्वार असतात. पळत्या खोंडाच्या शिंगांत एकाने फास टाकायचा, दुसऱ्याने मागच्या पायांत. सगळं काही सेकंदांत. पुढे 'द लास्ट पिक्चर शो' (1971) मधल्या सॅम द लायनसाठी त्याला ऑस्कर मिळालं. रोडिओचं जगज्जेतेपद आणि अभिनयाचं ऑस्कर, दोन्ही मिळवणारा तो एकटाच. आणि ती भूमिका घ्यायला तो आधी तयारच नव्हता, बोलायला फार आहे म्हणून! जॉन फोर्डने मध्ये पडून त्याला राजी केलं.

भूमिका म्हणून विचाराल तर 'माँटी वॉल्श' (1970) मधला ली मार्विन. हिवाळा संपवून दोन काऊबॉय रँचवर परततात तर आजूबाजूच्या रँच एकेक करून कंपनीच्या घशात गेलेल्या. मित्र (जॅक पॅलन्स) दुकानवाल्या विधवेशी लग्न करून गल्ल्यावर बसतो. माँटी मात्र एका रात्री एका उधळ्या घोड्यावर चढतो आणि घोडा अख्ख्या गावाची मोडतोड करतो, दुकानांचे खांब, ओसऱ्या, सगळं. ते बघून एक खेळवाला त्याला आपल्या तमाशात काम देऊ करतो. दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने, झगमगीत पोशाख घालून लोकांपुढे काऊबॉय व्हायचं. पैसे चांगले. मार्विन तो पोशाख अंगावर चढवतो, स्वतःकडे बघतो. चेहऱ्यावर फारसं काही येत नाही, पण अंग आक्रसल्यासारखं होतं, आणि तो नाही म्हणतो. हातात दुसरं काहीही काम नसताना. मी हा प्रसंग आला की दर वेळी थांबवून मागे नेऊन बघते.

तर तुमचा आवडता काऊबॉय सांगा. नटाचं नाव सांगा आणि एखादा असा प्रसंग सांगा जिथे तो गुरांशी, घोड्याशी किंवा दोराशी काही करतोय. 'रुबाबदार दिसतो' एवढ्यावर भागवू नका.

पिंपळपान

रानवाराताई, तुमची अट पुरी करणारा एक आख्खा कळप घेऊन आलोय. 'लोनसम डव्ह' (1989). सिनेमा नाही, दूरचित्रवाणीची मालिका आहे, पण यातून तिला वगळणं हा अन्याय होईल. रॉबर्ट ड्युव्हॉल झालाय गस मक्रे आणि टॉमी ली जोन्स वुड्रो कॉल. दोघे निवृत्त टेक्सास रेंजर (सीमेवरचे सशस्त्र पोलीस), मेक्सिकोच्या सीमेवरून गुरं घेऊन थेट मोंटानाला निघतात. ड्युव्हॉलला आधी कॉलची भूमिका देऊ केली होती, त्याने गस मागून घेतला, आणि आयुष्यातली आपली सर्वांत आवडती भूमिका हीच असं तो नेहमी सांगायचा. गस बडबड्या, आळशी, बायकांचा लाडका. पण नदी ओलांडायची वेळ आली की तो गडी बदलतो.

तुमच्या मांडीच्या कसोटीवर मात्र टॉमी ली जोन्स वरचढ. मूळचा टेक्सासचाच, पोलो खेळणारा. ओगलालाच्या रस्त्यावर लष्कराचा एक वाटाड्या पोरसवदा न्यूटला चाबकाने मारत असतो. कॉल लांबून बघतो. काही ओरडत नाही. घोडी तशीच भरधाव सोडतो आणि थेट त्या माणसाच्या घोड्यावर नेऊन आदळतो. खाली उतरतानाही त्याचा तोल जात नाही. न्यूट हा त्याचाच मुलगा आणि त्याने ते कधी कबूल केलेलं नाही. जे तोंडाने आयुष्यभर सांगितलं नाही ते त्या दौडीत बाहेर येतं.

आणि डॅनी ग्लोव्हरचा जॉश डीट्स. कळपाच्या पुढे जाऊन पाणी आणि वाट शोधणारा. खऱ्या काऊबॉयांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि मेक्सिकन वाकेरो (तिकडचे गुराखी) तर या धंद्याचे गुरूच. जुन्या सिनेमांनी दोघांनाही जवळपास पुसून टाकलं. डीट्स मरतो तेव्हा कॉल स्वतःच्या हाताने फळीवर त्याच्यासाठी अक्षरं कोरतो. याला इतिहासाचा आधार आहे. बोस आयकार्ड हा गुलामीत जन्मलेला काऊबॉय टेक्सासातला गुरांचा मोठा मालक चार्ल्स गुडनाइट याच्याबरोबर राहिला, आणि तो गेल्यावर गुडनाइटने टेक्सासातल्या वेदरफर्डला त्याच्या थडग्यावर स्मृतिशिळा उभारली. गुडनाइटचा भागीदार ऑलिव्हर लव्हिंग 1867 मध्ये न्यू मेक्सिकोत जखमांनी मेला, त्याचा देहही असाच टेक्सासला परत आणला होता. मालिका पाहिली असेल त्यांना हे कुठे येतं ते कळेल. नसेल पाहिली तर मी सांगत नाही.

तिसरा पहारा

ईस्टवुडला असं एका वाक्यात बाद करू नका हो. लिओनीकडे जायच्या आधीपासून तो 'रॉहाइड' या दूरचित्रवाणी मालिकेत रोज गुरंच हाकत होता! 1959 ते 1965, रौडी येट्स, कळपाच्या मुख्याचा उजवा हात. 1964 मध्ये स्पेनला गेला तो या मालिकेच्या सुट्टीत. त्या सिनेमांत त्याच्या तोंडात सतत चिरूट दिसतो, प्रत्यक्षात तो ओढत नव्हता. पण खोगिरात तो सैलावून बसतो ते वर्षानुवर्षं मालिकेत घोड्यावर काढल्यामुळे.

आणि तुम्ही मांडीचं म्हणता, तर 'अनफर्गिव्हन' (1992) बघा. विल्यम मनी म्हातारा झालाय, बायको गेलीय, डुकरं पाळतोय. चिखलात डुकरांमागे धावताना तोंडावर आपटतो. मग माणसं मारायच्या कामगिरीवर निघताना त्याला घोड्यावर चढता येत नाही. पाय रिकिबीत, घोडा गोल गोल फिरतो, तो पडतो. पोरं दारात उभी राहून बघतायत. तरुणपणी जनावरांना छळलं त्याचं हे फळ, असं तो स्वतःच पोरांना सांगतो. साठी ओलांडलेला, आयुष्यभर घोड्यावर दिसलेला हा नट, आणि तो न चढता येण्याचा अभिनय करतोय. चांगल्या स्वाराने वाईट स्वार होणं सोपं नसतं, कारण शरीर आपोआप तोल सावरतं. सिनेमाला सर्वोत्तम चित्रपट आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. माझ्या लेखी या एका प्रसंगासाठीच मिळायला हवं होतं.

त्या दोन मुलांची नावं विल आणि पेनी आहेत. 'विल पेनी' (1968) पाहिलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

रानवारा

तिसरा पहारा, 'अनफर्गिव्हन'चा प्रसंग बिनतोड आहे. पण मनी हा काऊबॉय नव्हे, पूर्वाश्रमीचा खुनी आहे, तेव्हा तो माझ्या यादीत येणार नाही. रौडी येट्स येईल.

'विल पेनी'चं नाव काढलंत हे फार बरं केलंत. चार्ल्टन हेस्टनला लोक रथावर ('बेन-हर') नाहीतर डोंगरावर देवाशी बोलताना ('द टेन कमांडमेंट्स') ओळखतात, आणि इथे तो पन्नाशीला टेकलेला, निरक्षर, बेकार काऊबॉय आहे. सुरुवातीलाच कळप रेल्वेपाशी पोचतो, माणसांचे पैसे चुकते होतात आणि पुढे काय हे कुणालाच माहीत नसतं. हिवाळ्यात कुरणाच्या हद्दीवर एकट्याने राहून भरकटलेली गुरं परत वळवायची, एवढं एक काम त्याला मिळतं. तिथे भेटलेली बाई (जोन हॅकेट) त्याला आंघोळ करायला लावते, तिचा लहानगा त्याला गाणं शिकवतो, आणि हा मोठ्या हाडापेराचा माणूस अवघडून गातो. ती त्याला राहा म्हणते. शेती करायला, घर करायला आता उशीर झाला, हे तो तिला समजावतो ते ऐकताना मला त्याचा रागही येतो आणि पटतंही.

चांदणवेल

मी जेम्स स्टुअर्टवाली. पण निम्मं श्रेय त्याच्या घोड्याचं.

घोड्याचं नाव पाय (इंग्रजीतला Pie). 1950 च्या सुमारास स्टुअर्ट पहिल्यांदा त्याच्यावर बसला आणि पुढची वीसेक वर्षं जवळजवळ प्रत्येक वेस्टर्नमध्ये हाच घोडा. मालकीण स्टीव्ही मायर्स, तिने घोडा विकायला ठाम नकार दिला. मागून मागून स्टुअर्ट दमला. 'द फार कंट्री'मध्ये स्टुअर्टच्या खोगिराला एक घंटी बांधलेली असते. शेवटी शत्रू दबा धरून बसलेत, रात्र आहे, आणि स्वार नसलेल्या घोड्याने रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकट्याने चालत जायचंय, म्हणजे घंटी ऐकून ते बाहेर येतील. बाजूला कुणी शिकवणारा नाही, दोर नाही. स्टुअर्टने पायच्या कानाशी जाऊन काय करायचं ते सांगितलं आणि घोडा पहिल्याच झटक्यात चालत गेला, असं स्टुअर्ट पुढे अनेकदा सांगायचा. सिनेमात बघा, घंटी वाजत राहते आणि घोडा ना थबकतो ना घाई करतो. जनावराची ती शांत चाल बघून माझ्या पोटात गोळा येतो.

दिग्दर्शक अँथनी मानने स्टुअर्टमधला भला माणूस बाजूला सारून आतला संताप बाहेर काढला. 'द मॅन फ्रॉम लॅरमी' (1955) मध्ये मिठागरावर त्याला दोराने बांधून आगीतून फरफटत नेतात, त्याच्या गाड्या जाळतात, खेचरं मारतात. पुढे त्याचा हात धरून अगदी जवळून तळव्यात गोळी घालतात. गोळी लागलेली आपल्याला दिसत नाही, दिसतो फक्त स्टुअर्टचा चेहरा. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस बॉम्बफेकी विमानं घेऊन जर्मनीवर जाऊन आलेला होता. त्या चेहऱ्यात ते कुठेतरी असणारच असं मला वाटतं.

'द शायेन सोशल क्लब' (1970) च्या वेळी पाय म्हातारा झाला होता आणि तिथल्या उंचीवरची हवा त्याला सोसेना. हेन्री फोंडा स्टुअर्टचा जुना दोस्त आणि चित्रंही छान काढायचा. त्याने गुपचूप पायचं जलरंगातलं चित्र काढलं. काही दिवसांतच घोडा गेला. ते चित्र स्टुअर्टने घरात लावून ठेवलं होतं.

मुरमाड

'रेड रिव्हर' (1948) चं नाव अजून कुणी घेतलं नाही, याचं नवल वाटतं. वेन तिथे शेरीफ नाही, दहा हजारांच्या आसपास गुरांचा मालक आहे, आणि वाईट मालक आहे. रात्री एक गडी चोरून साखर खायला जातो, भांडी पडतात, आवाजाने कळप उधळतो आणि डॅन नावाचा साधासुधा काऊबॉय तुडवला जातो. त्याने बायकोसाठी लाल बूट घ्यायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वेन सांगतो की त्याचा पुरा पगार बायकोला पोचवा, आणि आणखी काहीतरी द्या. बोलता बोलता अडखळतो, आणि लाल बुटांचं नाव निघतं. बाकी सिनेमाभर दगडासारखा वागणारा माणूस तिथे क्षणभर नजर चुकवतो. आवडता काऊबॉय मात्र माँटगोमेरी क्लिफ्ट. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेला, चणीने किरकोळ पोरगा, आणि वेनसमोर तसूभर मागे सरत नाही.

ओंजळ

नवं काही चालेल का? 'द रायडर' (2017), दिग्दर्शक क्लोई झाओ. नायक ब्रेडी जँड्रो हा नट नाहीच. दक्षिण डकोटातल्या पाइन रिज या मूलनिवासींच्या राखीव वस्तीवरचा, लकोटा जमातीचा तरुण, घोडे शिकवणारा, रोडिओत उतरणारा. उधळ्या घोड्यावरून पडून त्याची कवटी फुटली होती, आणि सिनेमा याच गोष्टीवर आहे. वडील आणि बहीण त्याचे खरे वडील आणि खरी बहीण. पुन्हा घोड्यावर बसलास तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाने करायचं काय?

रानवाराताईंच्या अटीसाठी हा प्रसंग. कुणाला आवरत नसलेला एक घोडा गोल कुंपणात आहे. ब्रेडी त्याच्या मागे लागत नाही. उभा राहतो, बाजूला वळतो, पाठ करतो. घोडा जवळ येतो, हुंगतो. ब्रेडी मानेवर हात ठेवतो आणि लगेच काढून घेतो. मग पाठीवर नुसतं वजन टाकतो, पोटावर आडवा, उतरतो, परत टाकतो. घोड्याचे कान मागे-पुढे होत राहतात. शेवटी पाय पलीकडे जातो तेव्हा घोडा हललेला नसतो. हे खरोखरचं शिकवणं आहे, कॅमेरा फक्त गप्प उभा आहे. अभिनय म्हणतात तो वेगळा कुठे शोधायचा?

बेन जॉन्सनचं मी काहीच पाहिलेलं नाही, फक्त 'द लास्ट पिक्चर शो'. त्यात तो घोड्यावर नाही. सुरुवात कुठून करू?

रानवारा

ओंजळ, पाठ करून उभं राहण्याचा तो भाग तुम्ही नेमका टिपलात. घोडेवाले याला दाब काढून घेणं म्हणतात. जनावराने बरोबर केलं की माणसाने मागे हटायचं, हेच त्याचं बक्षीस. जॉन्सनसुद्धा असंच करतो, घोडा थांबला की त्याचा लगामाचा हात त्याच क्षणी सैल पडतो.

'वॅगन मास्टर' (1950) पासून सुरुवात करा. तासा-दीड तासाचा आहे, काळा-पांढरा, युटातल्या मोॲबच्या आसपास चित्रित केलेला. जॉन फोर्डने स्वतःच्या सिनेमांत याला फार वरचं स्थान दिलं होतं, आणि त्यात एकही मोठा तारा नाही. जॉन्सन आणि हॅरी कॅरी ज्युनियर हे दोघे घोडे विकणारे पोरगे, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या गाड्यांच्या तांड्याला सॅन ह्वान नदीकडे वाट दाखवत नेतात. हॅरी कॅरी ज्युनियर म्हणजे मुरमाड यांनी सांगितलेला 'रेड रिव्हर'मधला लाल बुटांचा डॅन. जॉन्सनच्या पात्राने माणसावर कधी बंदूक रोखलेली नाही, फक्त सापांवर. हे तो सुरुवातीला सहज बोलून जातो. पुढे काय होतं ते बघा. त्यात नावाहो या मूलनिवासी जमातीचे स्वार मागे लागतात तेव्हाची जॉन्सनची दौड अजिबात चुकवू नका.

नंतर 'शेन' (1953). तिथे तो ख्रिस कॅलोवे, रायकर या गुरांच्या मालकाच्या टोळीतला काऊबॉय, नायक ॲलन लॅडच्या अंगावर दारू ओततो आणि पुढे त्याच्याकडून मार खातो. पण शेवटाकडे तोच येऊन लॅडला धोक्याची सूचना देतो. दोन-चार वाक्यंच आहेत. मग 'द वाइल्ड बंच' (1969). तो मात्र रात्री उशिरा, झोपायच्या आधी बघू नका.

चांदणवेल, फोंडाने काढलेल्या चित्राबद्दल मला माहीत नव्हतं, सांगितलंत ते फार आवडलं. 'द फार कंट्री' आज परत लावते.